रिकाम्या हातांची रांग

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. खाडीकाठच्या खारेपाटात जन्मलेल्या बाईला हळू बोलता येत नाही. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक पोचवायची, मध्ये खाडीचा वारा, तिथं कुजबुजून कसं भागणार? पेणच्या पुढच्या आमच्या गावातून मी रोज स्कूटरवर ज्या संशोधन संस्थेत जाते, तिथं मात्र सगळे इतक्या दबक्या आवाजात बोलतात की पहिल्या दिवशी मला वाटलं, आत कुणीतरी आजारी असणार.

आजारी कुणी नव्हतं. आत मोठमोठ्या कॉम्प्युटरांची मशीनखोली होती, आणि ती माझ्या ताब्यात दिली गेली. संस्थेत वेगवेगळे गट आहेत. कुणी भातावरचे रोग ओळखणारं मॉडेल करतं, कुणी खाडीतला गाळ मोजणारं. सगळ्यांचा जीव मात्र या एका खोलीत अडकलेला. मॉडेल शिकवायचं म्हणजे त्याला फोटो दाखवायचे, उत्तर चुकलं की कान पिळायचा, पुन्हा दाखवायचे. फोटो इतके असतात की एका मशिनाचा त्यात जन्म जाईल, म्हणून काम अनेक मशिनांवर वाटून देतात. प्रत्येक मशीन आपल्या वाटचं काम करतं, मग सगळी एकमेकांसाठी थांबतात, आपण काय शिकलो ते एकमेकांना कळवतात आणि मगच पुढच्या फेरीला लागतात. हे थांबणं ध्यानात ठेवा, पुढं त्याच्याशी काम आहे.

कुणाला किती मशिनं द्यायची ते मी ठरवायचे. सकाळी गाडी स्टँडवर लावेपर्यंत फोन सुरू व्हायचे. "ताई, आज चार मिळतील का?" "ताई, आमचं अर्ध्यावर आलंय, काढून घेऊ नका हं." माणसं एरवी नाकानं कांदे सोलणारी, पण मशीन हवं असलं की माझ्या टेबलावर घरचे लाडू आणून ठेवायची. लाडू मी खाल्ले. मशिनं मात्र ज्याची पाळी त्यालाच दिली.

खरी कटकट वेगळीच होती. एसटी स्टँडात लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं इथंही चालायचं. ज्याला आज मशीन नको, तोसुद्धा एखादं पोकळ काम चालू करून ठेवायचा. मशीन भरलेलं दिसायचं आणि आत काहीच चालू नसायचं. का, तर एकदा सोडलं की परत मिळेल याची खात्री नाही. आम्ही त्याला रुमाल टाकणंच म्हणायचो. सगळ्यात जास्त रुमाल एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांचे. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. मी त्यांना एकदा तोंडावर म्हटलं, "साहेब, तुमच्या रुमालांनी अख्खी गाडी भरली, माणूस एकही बसलेला नाही." ते हसले, पण रुमाल काही उचलले नाहीत.

मग मी ठरवलं की ही वाटणी माणसाच्या हातात ठेवायचीच नाही, माझ्यासुद्धा. मी एक प्रोग्राम लिहायला घेतला. जो खरोखर काम करतोय त्याला मशिनं द्यायची. जो नुसता बसलाय त्याला उठवायचं, पण उठवण्याआधी त्याचं झालेलं काम नीट जपून ठेवायचं, म्हणजे परत आला की तिथूनच पुढं. कुठं मशिनं मोकळी पडली की ज्याला उपयोग आहे त्याला आपणहून जास्तीची द्यायची, आणि मूळ मालक आला की काढून घ्यायची. कुणी मागायचं नाही, कुणी लाडू आणायचे नाहीत. लोक म्हणाले, बाई स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेय. मारला तर मारला. लाडवांवर टिकणारी सत्ता मला नकोच होती.

संस्थेचे संचालक, आमचे सर, सावध माणूस. ते म्हणाले, "भाद्रपदभर चालवून बघू. कुणाचं नुकसान झालं तर बंद. मग ज्येष्ठतेप्रमाणे मीच वाटप करीन." ज्येष्ठतेप्रमाणे म्हणजे मोठे साहेब पहिले आणि माझी मैत्रीण सगळ्यात शेवटी.

माझी ही मैत्रीण पालीची. डोंगराकडची, शांत, शब्द मोजून बोलणारी. माझ्या अगदी उलट. तिचं मॉडेल खारबांधांवर होतं. ड्रोननं बांधाचे फोटो काढायचे आणि बांध कुठं आतून पोकळ झालाय, ते मॉडेलनं सांगायचं. मी तिला चिडवायचे, "तुमच्याकडं बल्लाळेश्वर बसलाय राखायला. आम्हाला मातीचा बांधच राखतो, त्याची चौकशी तू कशाला करतेस?" ती म्हणायची, "म्हणूनच करते."

आमच्याकडं भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये फक्त तो बांध असतो. खेकडे त्याला बिळं पाडतात, पाणी झिरपतं, आणि उधाणाला एखाद्या ठिकाणी बांध फुटतो. त्याला आम्ही खांड पडली म्हणतो. खांड पडली की खारं पाणी शेतात घुसतं; उभं भात तर जातंच, जमीनही पुढची काही वर्षं पीक देत नाही. पूर्वी गावात जोळ होता. बांधावरून हाक आली की घरटी एक माणूस हातातलं काम टाकून निघायचा. खांड कुणाच्या शेतापाशी आहे हे कुणी विचारायचं नाही. बाबांनी उमेदीच्या वर्षांत ट्रक चालवला, पण हाक आली की ट्रक रस्त्याच्या कडेला लावून ते बांधावर हजर असायचे. आता घरटी एक माणूस कंपनीत आहे, नाहीतर स्वतःच्या ट्रकवर. बांधावरून चालून बघणारं कुणी उरलेलं नाही.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येचं उधाण मोठं असणार होतं. भात पोटरीतून बाहेर पडून दाणा भरत होता. मैत्रिणीनं आमच्या गावच्या बांधाचे फोटो काढून आणले होते. तिचं मॉडेल अमावास्येच्या आधी शिकून तयार झालं तर बांध कुठं बुजवायचा ते कळणार होतं. नाही झालं तर उधाणच सांगणार होतं.

प्रोग्राम सुरू केला आणि पहिल्याच दिवशी संस्थेत मिरच्या झोंबल्या. मोठ्या साहेबांचे सगळे रुमाल उडाले. ते माझ्या टेबलापाशी आले, चष्मा काढला, परत लावला आणि म्हणाले, "माझी मशिनं कुणी घेतली?" मी म्हटलं, "कुणी नाही. तुम्ही काम लावा, लगेच परत येतील. लावून तर बघा." त्यांनी लावलं नाही. लावायला काही नव्हतंच. मोकळी झालेली मशिनं प्रोग्रामनं मैत्रिणीला दिली. तिचं काम इतकं भराभर सरकू लागलं की ती दुपारच्या डब्यात स्वतःहून बोलायला लागली. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! मी सरांच्या केबिनवरून दोनदा उगीचच गेले.

आणि मग एका सकाळी प्रोग्रामनं तिलाच उठवलं.

ती ओरडली नाही. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "तुझ्या बाळानं मला रुमाल समजून फेकून दिलं." मी बघितलं तर खरंच. तिची मशिनं बहुतेक वेळ रिकामी बसलेली दिसत होती, म्हणून प्रोग्रामनं काम जपून ठेवून तिला बाहेर काढलं होतं. परत लावलं, थोडं चाललं, परत बाहेर. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं होतं.

सर आले. मागून मोठे साहेब आले. सर म्हणाले, "बंद करा ते. हिला हातानं मशिनं द्या, बाकीचं मी ठरवतो." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण खोलीतले सगळे आपापल्या पडद्यामागून ऐकत होते. अमावास्या दारात येऊन उभी होती. मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं उलट जास्त चालतं. मी म्हटलं, "सर, हातानं देते. पण हातानं देऊनही हिचं काम रांगतच चालणार असेल तर? ही मशिनं रिकामी का बसतात ते आधी कळू दे. संध्याकाळपर्यंत नाही कळलं तर मी स्वतः बंद करते." सर घड्याळाकडं बघून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत."

मी मैत्रिणीला शेजारी बसवलं आणि तिचं काम पुन्हा लावलं. पडद्यावर तिच्या सगळ्या मशिनांच्या, कोण किती राबतंय ते दाखवणाऱ्या रेषा एकाखाली एक. जवळजवळ सगळ्या सपाट, कधीतरी एक उसळी आणि पुन्हा सपाट. बघणाऱ्याला वाटावं, आळशी आहेत सगळी. ती म्हणाली, "माझ्याच लिहिण्यात काही चुकलंय का गं?" तिच्या गावाकडच्या लोकांना असंच वाटतं, काही बिघडलं की आपलंच चुकलं. आमच्याकडं उलटं. आम्ही आधी शेजाऱ्याकडं बघतो.

मी शेजाऱ्याकडंच बघितलं. सगळ्यात खालची एक रेषा सतत वर होती, श्वास न घेता. ती बघितली आणि मला एकदम बांध दिसला.

बांध बुजवताना आमच्याकडं रांग लावतात. एका टोकाला चिखल कापतात आणि त्याचे गोळे हातोहात खांडीपर्यंत पोचवतात. मी परकर पोलक्यात त्या रांगेत उभी राहिलेली आहे. रांगेत कधी कधी अर्धी माणसं हात रिकामे घेऊन उभी असतात. नवखा माणूस म्हणेल, काय टिवल्याबावल्या करताहेत. पण जाणता त्यांना काही बोलत नाही. तो रांगेच्या कडेनं चालत मागं जातो आणि गोळे कुठं साचलेत ते बघतो. ज्याच्या मागं ढीग आणि पुढं रिकामे हात, तो दमलेला. त्याला बाजूला घ्यायचं आणि तिथं ताजा माणूस उभा करायचा. रांग मोडायची नाही. माझा प्रोग्राम नेमकं उलटं करत होता. रिकामे हात दिसले की अख्खी रांगच घरी पाठवत होता.

मी मशीनखोलीत गेले. ती खालची रेषा खिडकीपाशी असलेल्या मशिनाची होती. त्या खिडकीची फट कधीच नीट बसत नाही आणि खाडीचं खारं वारं तिथून आत येतं. मशिनाच्या पंख्याला क्षारांचं पुट चढून तो रखडत फिरत होता. मशीन तापत होतं, जळू नये म्हणून आपणहून हळू चालत होतं, आणि बाकीची सगळी बिचारी त्याच्यासाठी थांबत होती. लोखंडी गेट, सायकली, गळ्यातल्या खोट्या माळा, आमच्याकडं सगळंच त्या वाऱ्यानं गंजतं. तरी हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. शहरातल्या मशीनखोल्यांसाठी लिहिलेले देखभालीचे नियम आम्ही जसेच्या तसे उचलले होते.

पंखा साफ करायला माणूस बोलावणं सोपं होतं. पण मला तेवढ्यानं समाधान नव्हतं. उद्या दुसरं गंजेल. दुपारभर बसून मी प्रोग्रामला ती रांग शिकवली. एखाद्या कामाची मशिनं रिकामी दिसली तर लगेच उठवायचं नाही. आधी बघायचं की त्यातलं एखादं जिवाच्या आकांतानं राबतंय का. तसं असेल तर ही माणसं बसलेली नाहीत, थांबलेली आहेत. मग काम जपून ठेवायचं, तेवढं एक मशीन बदलायचं आणि जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू करायचं. आणि कुणीच राबत नसेल तर तो रुमाल.

सर ठरल्या वेळी आले. मी बदललेला प्रोग्राम चालू केला आणि खुर्ची मागं सरकवून दोन्ही हात मांडीवर ठेवले. सगळ्यांना दिसावं म्हणून मुद्दाम. पडद्यावरच्या रेषा क्षणभर खाली बसल्या. खिडकीपाशीचं मशीन यादीतून गेलं, त्याच्या जागी दुसरं आलं आणि सगळ्या रेषा एकदम वर उठल्या. मैत्रिणीनं माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की काळानिळा डाग पडला. सर म्हणाले, "चालू राहू दे." त्यांच्या तोंडून ही पुरणपोळीच समजायची.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांना खरंच काम लावायचं होतं. त्यांनी लावलं आणि त्यांच्या वाटची मशिनं, माझ्याशी एक शब्द न बोलता, त्यांना परत मिळाली. मैत्रिणीचं काम थोडं आकसलं, पण थांबलं नाही. साहेबांचं झाल्यावर ती मशिनं पुन्हा तिच्याकडं गेली. साहेब जाता जाता म्हणाले, "रुमाल टाकायची गरजच नाही की." मी म्हटलं, "हेच तर घसा सुकेपर्यंत सांगत होते." खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला की स्कूटर चालवताना मी गाणं म्हणत होते.

अमावास्येच्या आदल्या दिवशी, सकाळीच, मॉडेलनं बोट ठेवलं. उघाडीच्या, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दाराच्या पुढं, वळणावर, जिथं तिवरांची गर्द झाडी आहे तिथं. मी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "न्हाय बाय. तिथं बांध मजबूत हाय. तिवरांनी माती धरून ठेवलीय." मी म्हटलं, "बाबा, एकदा काठी घालून तर बघा." ते गेले. काठी हातभर आत गेली. खालून खेकड्यांनी सगळं पोखरलं होतं आणि वरून हिरवंगार.

बाबांनी बांधावरून हाक दिली. आता हाकेबरोबर गावच्या ग्रुपवर मेसेजही जातो. मला वाटलं होतं चार म्हातारे येतील. पण रात्रपाळी करून आलेले कंपनीवाले आले, दोन ट्रकवाले गाडी नाक्यावर लावून आले, बायका आल्या. मैत्रीण आणि मी संस्थेतून निघालो ते थेट बांधावर. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं, आणि ते परत यायच्या आत काम उरकायचं होतं.

रांग लागली. चिखल कापायच्या टोकाला बाबांचा चुलतभाऊ, आणि बाबा मधोमध, नेहमीच्या जागी. मी पोखरलेल्या जागेच्या बाजूला, मैत्रीण माझ्या शेजारी. गोळे येऊ लागले. थंड, जड, मासळीचा वास असलेले. सुरुवातीला छान लय लागली. मग गोळे तुटक येऊ लागले. मग माझे हात रिकामे राहिले, मैत्रिणीचे रिकामे राहिले, पुढच्या सगळ्यांचे रिकामे राहिले. खाडीच्या तोंडाशी पाणी चकाकायला लागलं होतं.

मी रांगेच्या कडेनं मागं चालत गेले. ढीग बाबांच्या मागं होता.

ते एक गोळा उचलत होते, छातीशी धरत होते, श्वास घेत होते, मग पुढं देत होते. मागची माणसं गोळे पायाशी ठेवून खाली बघत उभी होती. ज्यानं जन्मभर या बांधावर दुसऱ्यांना बाजूला घेतलं, त्याला कोण सांगणार? मशिनाला बाजूला घेणं सोपं असतं. माझ्या तोंडाला कधी नव्हे ते कुलूप लागलं. मी नुसती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मग मान वळवून मागचा ढीग बघितला, पुढचे रिकामे हात बघितले. हातातला गोळा त्यांनी पुढं दिला नाही, माझ्या हातात ठेवला. "ये बाय," म्हणाले, "हितं तू उभी रा."

मी उभी राहिले. रांग पुन्हा चालू लागली. बाबांनी चिखलाचे हात लुंगीला पुसले आणि रांगेच्या कडेनं चालायला सुरुवात केली, कुठं गोळे साचतात ते बघत. पाणी तिवरांच्या मुळाशी पोचलं तेव्हा शेवटचा गोळा बसला होता.

अमावास्येला भरदुपारी उधाण आलं. आम्ही सगळे बांधावर उभे. पाणी चढत चढत बांधाच्या खांद्यापर्यंत आलं, तिथं बराच वेळ हललं, आणि उतरलं. आतल्या बाजूला भात वाऱ्यावर डुलत होतं, एक थेंब आत नाही. मैत्रीण रडत होती. मीही रडले, न रडायला काय झालं!

पलीकडच्या गावचा एक जुना ट्रकवाला बघायला आला होता. त्यानं बाबांना विचारलं, "कालच्या रांगंत तू व्हतास क मधी?"

बाबा भाताकडं बघत होते. "न्हाय," ते म्हणाले. "माझ्या जागंवर माझी पोर व्हती."